दुसरा गियर

साठी उलटल्यावर केरबा गवळ्यानं मोटारसायकल शिकायला घेतली, तेव्हा अख्ख्या गवळी गल्लीची फुकटात करमणूक झाली. लेंगा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला, डोक्यावर टोपी, पायात रबरी चप्पल आणि बुडाखाली पोराची जुनी टू-स्ट्रोक गाडी. पहिल्याच दिवशी क्लच सुटला आणि गाडी केरबासकट शेणाच्या ढिगात जाऊन बसली. समोरच्या कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "मामा, म्हस बरी की ओ! हाक मारली तर थांबती तरी!" गल्ली पोट धरून हसली. केरबा उठला, गुडघ्याचं शेण पुसलं आणि परत किक मारली. हसणाऱ्यांवर चिडायचं तर आधी त्यांच्याकडं लक्ष जायला पाहिजे, आणि त्याचं लक्ष तिथं नव्हतंच.

गाडी राजवीरची होती. राजवीर म्हणजे केरबाचा एकुलता एक पोरगा, आणि तो कळंब्याला होता. तसं कळंबा हे साधं गाव आहे, तिथं तलाव आहे, लोक फिरायलाही जातात. पण कोल्हापुरात कुणाचा पोरगा 'कळंब्याला असतो' म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं. तिथलं जेल सगळ्यांना ठाऊक आहे.

झालं होतं ते असं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरातले गवळी आपापल्या म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसं लावायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ, पाठीवरचे केस भादरून त्यात म्हशीचं नाव काढायचं. मग मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर बसून पुढं सुटतो. आवाजानं खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि त्या आवाजामागं म्हैस जीव तोडून पळते. रस्त्यावर दुसऱ्या पन्नास गाड्या कोकलत असू देत, ती आपल्याच गाडीमागं जाते. बाहेरच्या माणसाला हे खुळ्यांचं काम वाटतं. वाटू दे. केरबाच्या गोठ्यातली काजळी राजवीरनं रेडकू असल्यापासून अशी तयार केली होती. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की इकडं गोठ्यात काजळी दावं ताणायला लागायची.

त्या पाडव्याला शेजारच्या गल्लीतल्या आदर्शनं गंमत म्हणून फटाक्यांची पेटती माळ काजळीच्या पायात टाकली. म्हैस बुजली, डांबरावर घसरून पडली, आणि तिचं डावं शिंग टोकाला मोडलं. राजवीरनं मागचापुढचा विचार केला नाही. शेजारी उभ्या असलेल्या टेम्पोतला लोखंडी रॉड उचलला आणि हाणला. आदर्शचा उजवा हात मनगटात असा चेचला गेला की त्याला अजून त्या हातानं घास उचलता येत नाही. चूक ती चूक. केरबानं कुणापुढंही पोराची बाजू घेतली नाही. "म्हशीचं शिंग आन माणसाचा हात एक न्हवं," असं तो दूधकट्ट्यावर चारचौघांत म्हणाला, आणि त्यानंतर त्या विषयावर कुणाशी बोलला नाही. राजवीरला तीन वर्षांची शिक्षा झाली.

पहिल्या भेटीला केरबा गेला तो गुरुवार होता. रांगेत उभा राहिला, पिशवी तपासून घेतली, खिसे उलटे करून दाखवले. जाळीपलीकडं राजवीर आला आणि बापाकडं न बघता बोलला, "आबा, परत येऊ नका."

"का रं?"

"तुमाला असं रांगेत बघवत न्हाय मला. आन सुटल्यावर मी तिकडं येणार बी न्हाय. कुठल्या तोंडानं येऊ? काजळी विकून टाका."

"काजळीचं मी बघतो. तू घरला येणार न्हाईस म्हंजे काय?"

"न्हाय म्हंजे न्हाय. पुढच्या वेळी आलात तर मी भेटायला बाहेरच येणार न्हाय."

आणि कार्ट्यानं ते खरं करून दाखवलं. पुढच्या खेपेला केरबा जाऊन बसला, नाव पुकारलं गेलं, बाकी सगळ्यांची पोरं आली आणि ह्याचं आलं नाही. बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईनं त्याला पाणी दिलं. केरबानं आतल्या शिपायाकडं निरोप ठेवला, "त्याला सांगा, आबा गेटावर परत येणार न्हाय. शब्द हाय माझा."

घरी त्याची थोरली बहीण तानाबाई वाटच बघत होती. बायको गेल्यापासून केरबाचं घर हीच बघायची, आणि केरबाला चार शब्द सुनवायचा हक्कही तिनं आपल्याकडं ठेवला होता. सगळं ऐकून ती कडाडली, "शब्द दिलास? बाप हाईस का कोण हाईस? गेटावर बसून राहायचं, कवातरी येईल की बाहीर!"

"नको म्हटलाय त्यो, अक्का."

"त्यो हजार म्हनंल!"

केरबा गोठ्याकडं वळला. म्हशीला पेंड घातली आणि गोठ्याच्या दारात बसला. त्याला एकाच गोष्टीनं घेरलं होतं. तीन वर्षं काय, जातील. गवळ्याला दिवस मोजायची सवय नसते, त्याला पहाट आणि संध्याकाळ एवढंच कळतं. पण सुटल्यावर पोरगा घरी न येता परस्पर कुठंतरी निघून गेला तर? मग वाट तरी कशाची बघायची? काहीही करून त्याच्या कानावर जायला पाहिजे होतं की काजळी विकलेली नाही, गोठा आहे तसा आहे आणि बाप त्याला टाकून बसलेला नाही.

गेटावर जायचं नाही म्हणून शब्द दिला होता. रस्त्यावरून जायचं नाही असं काही तो बोलला नव्हता. जेलच्या भिंतीकडंनं रस्ता आहे, आणि रस्त्यानं कुणीही जावं. राजवीरची गाडी त्या रस्त्यानं पुंगळी काढून गेली, तर आवाज भिंतीच्या आत जाणारच. आपल्या गाडीचा आवाज राजवीर झोपेतही ओळखेल. गाडी आली म्हणजे मागं काजळी आलीच, हे त्याला वेगळं सांगायला नको. म्हणून केरबा शेणाच्या ढिगात पडत होता.

शिकला एकदाचा. पण पुरता नाही. पहिला गियर पडायचा, दुसरा पडायचा, तिसरा टाकायचा म्हटलं की त्याचा पाय गडबडायचा आणि गाडी आचके देऊन बंद पडायची. शेवटी त्यानं तिसऱ्याचा नादच सोडला. सगळं कोल्हापूर दुसऱ्या गियरात. बिचारी गाडी गुरगुरायची, तापायची, पण जायची.

काजळी आधी ह्या नव्या ड्रायव्हरच्या मागं जाईना. गाडी तीच होती, पण आवाज राजवीरच्या वेळचा नव्हता. ती गोठ्याच्या दारात उभी राहून मान हलवायची. केरबानं तिला पेंडीच्या लालचीनं, शिव्या देऊन, गोंजारून, कसंबसं त्या गुरगुरीची सवय लावली. पावसाळा निघून गेला तेव्हा कुठं ती न थांबता त्याच्या मागं चालायला लागली.

मग दर गुरुवारी हा कार्यक्रम ठरला. सकाळचा गंगावेशीतला दूधकट्टा आटोपायचा. तिथं म्हशी आणून उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकापुढंच धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायचा, हा केरबाचा वाडवडिलांपासूनचा धंदा. तो उरकला की बाकीच्या म्हशी घरी पोचवून केरबा काजळीला घेऊन निघायचा. रंकाळ्याच्या कडेनं, शहरातलं संभाजीनगर करून, कळंब्याच्या रस्त्याला. पुढं दुसऱ्या गियरातली गाडी, मागं एका शिंगाचं टोक मोडलेली म्हैस. मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून दमायचे. "पावणं, रस्ता मोप पडलाय, जावा की कडंनं," असं म्हणून केरबा आपल्या चालीनं जात राहायचा.

पहिल्याच गुरुवारी एक गोष्ट घडली. गेट अजून बरंच पुढं होतं, भिंतीच्या कडेनं जाताना एका जागी काजळी थांबली. तोंड वर केलं, कान उभे केले, भिंतीकडं बघून नाकपुड्या फुलवल्या आणि असा लांबलचक हंबरडा फोडला की केरबाच्या अंगावर काटा आला. तो गाडीवरून उतरला.  जनावराला वास कळतो, माणसाला कळत नाही. हिला पोराचा वास लागला! इथंच, ह्या भिंतीला लागून, पलीकडं राजवीर असणार. त्यानं गाडी न्यूट्रल करून जोरात रेस केली. एकदा, दोनदा, परत परत, मूठ दुखेपर्यंत.

घरी आल्यावर तो तानाबाईला म्हणाला, "अक्का, काजळीनं जागा धरली. बरोब्बर जागा धरली." आणि कितीतरी महिन्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. माणूस सांगतो ते गवळी चार ठिकाणी तपासून घेईल, पण म्हशीनं सांगितलं की त्याच्या लेखी विषय संपला.

त्या जागी तो दर गुरुवारी थांबायला लागला. काजळी हंबरायची, केरबा रेस करायचा. भिंतीवरून आत काहीबाही फेकणाऱ्यांमुळं तिथं पहारा असायचा. एक हवालदार काठी आपटत आला, "ए मामा, काय टाकतोस आत?"

"काय न्हाय साहेब. म्हस थांबली."

"दर गुरुवारी हितंच थांबती व्हय?"

"जनावर हाय. तिला काय सांगू?"

हवालदारानं गाडी तपासली, केरबाला तपासलं, म्हशीलाही एक फेरी मारून बघितलं. पुढच्या खेपेला परत तपासलं. मग कंटाळला. काजळी व्याल्यावर केरबानं त्याला डबाभर खरवस नेऊन दिला, तेव्हापासून तो लांबूनच हात करायला लागला. कशासाठी येतोस हे त्यानं नंतर कधी विचारलं नाही. त्याला कळलं असणार.

दोन पाडवे असेच गेले. गल्लीतल्या म्हशी नटून सागरमाळावर पळायला गेल्या, आणि केरबा मोरपिसं लावलेल्या काजळीला घेऊन कळंब्याच्या रस्त्यानं गेला. हसणारे केव्हाच गप्प झाले होते. आदर्शच्या दारावरून जावं लागायचं. ज्या दिवशी निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी केरबा त्या दारात दुधाची किटली घेऊन उभा राहिला होता आणि आदर्शच्या आईनं तोंडावर दार लावलं होतं. तिचं काय चुकलं? त्यानंतर तिथून जाताना केरबा गाडी बंद करायचा, खाली उतरायचा आणि दार मागं पडेपर्यंत गाडी ढकलत न्यायचा. त्या घरासमोर तो आवाज वाजू नये, एवढंच त्याच्या हातात होतं.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दूधकट्ट्यावर एक अनोळखी माणूस आला. दाढी वाढलेली, शर्ट नवा कोरा, घड्या तशाच उमटलेल्या. ग्लास न मागता काजळीकडंच बघत उभा राहिला.

"ही काजळी न्हवं?" त्यानं विचारलं.

केरबा धार काढता काढता थबकला. "तुमी कुठलं, पावणं?"

"हुपरीचा. गुंडू म्हणत्यात मला. चांदीचं काम करतो." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "कळंब्याला हुतो मामा. काल सुटलो. राजवीरच्या बराकीत. त्यानं सांगितलं हुतं, गंगावेशीत जा आन मोडक्या शिंगाच्या म्हशीचं दूध पी म्हणून."

केरबानं ग्लास भरला, काठोकाठ, फेस बाहेर येईपर्यंत. थोडं सांडलंही. गुंडूनं एका दमात पिऊन टाकलं. मिशीला लागलेला फेस पुसतोय तोवर केरबानं विचारलंच, "गाडीचा आवाज ऐकत असंल की त्यो?"

"कुठल्या गाडीचा?"

"आमच्या. दर गुरुवारी येतोय की मी, भिंतीकडंनं. काजळी हंबरती बगा, ती जागा. तितंच की तुमची बराक?"

गुंडू गोंधळला. त्यानं जागा नीट विचारून घेतली, गेटापासून किती लांब, कुठल्या बाजूला. मग त्याचा चेहरा पडला. चांगला माणूस असावा, खोटं बोलता येईना त्याला. "मामा, बराकी पार दुसऱ्या टोकाला. मधी अजून भिंती हायत. आन आत नुसता कालवा असतोय, टीव्ही काय, पंखे काय. रस्त्यावरचं कायबी ऐकू येत न्हाय." त्यानं ग्लास खाली ठेवला. "तुमी म्हणताय तितं शेती हाय. मका लावत्यात. हिरवागार चारा असतोय बाराही म्हयनं."

मका. म्हणजे काजळी एवढी वर्षं मक्यासाठी हंबरत होती! केरबा आचळाला हात लावून तसाच बसला. पुढं गिऱ्हाईक ग्लास धरून उभं होतं. त्यानं धार सोडली ती ग्लासात न पडता गिऱ्हाइकाच्या बुटावर गेली. केरबाच्या हातून धार चुकलेली कट्ट्यावर कुणी कधी बघितली नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नका मामा," गुंडू शेजारी उकिडवा बसत म्हणाला. "त्याला तुमची आठवण हाय. पहाटं सगळ्यांच्या आधी उठतोय आन आमाला उठवतोय. म्हणतोय, आबांनी आता बादली धुतली. आता काजळी सोडली. आता गंगावेशीत आलं असतील. सगळ्या बराकीला तुमचं गवळीकाम पाठ झालंय बगा. शिव्या देत्यात त्याला."

केरबानं मान खाली घातली. पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरायला घेतला.

जाता जाता गुंडू म्हणाला, "सांगू नको म्हटलाय त्यो, पर सांगतो. सोमवारी सुटतोय. तुमच्याकडं येणार न्हाय. गेटातनं थेट स्टँड, आन तिथनं बेळगाव. हाटेलात काम बघितलंय कुणीतरी. तुमी काय ते बगा."

घरी तानाबाईनं डोकं धरलं. "सोमवारी गेटावर जायाचं आन कानाला धरून आणायचं त्याला! न्हाय गेलास तर मी जातो!"

"गेटावर न्हाय जायाचं, अक्का. शब्द दिलाय."

"आग लाव त्या शब्दाला! पोरगं जाईल बेळगावला, मग बस गाडी फिरवत मक्याभवती!"

ते मात्र केरबाला लागलं. तो उठून गोठ्यात गेला. खरं तर त्याला तिच्याहून जास्त भीती वाटत होती. पण गेटावर उभं राहून पोराला अडवलं, तर तो मान खाली घालून मागं येईल आणि महिन्याभरात निघून जाईल, हे त्याला कळत होतं. दावं बांधून आणलेलं जनावर सुद्धा नव्या गोठ्यात टिकत नाही. यायचं तर त्यानं आपल्या पायानं यायला पाहिजे.

सोमवारी सकाळी केरबा दूधकट्ट्यावर गेलाच नाही. काजळीला धुतलं, शिंगांना तेल लावलं, गाडीत पेट्रोल भरलं आणि निघाला. गुरुवार नव्हता म्हणून हवालदारालाही आश्चर्य वाटलं. केरबा आपल्या नेहमीच्या जागी, मक्याच्या भिंतीपाशी जाऊन थांबला. तिथून गेट दिसत नाही. कुणी बाहेर आलं का, कोण आलं, काही कळत नाही. पण जेलातून एसटी स्टँडवर जायला हाच रस्ता. गाडी डबल स्टँडला लावून, न्यूट्रलमध्ये, तो रेस करत राहिला. काजळी भिंतीकडं तोंड करून हंबरत राहिली. हंबर बाई, तुझा मका आहे तिथं.

ऊन वर आलं. मूठ भरून आली तसा त्यानं हात बदलला. इंजिनला हात लावला तर चटका बसत होता. मधे दोनदा गाडी बंद पडली आणि दोन्ही वेळा त्यानं घाईघाईनं किक मारली. नेमका आत्ताच तो बाहेर आला असला तर?

तेवढ्यात गेटाच्या बाजूनं केएमटीची बस आली. केरबानं खिडक्या बघितल्या. मागच्या एका खिडकीत राजवीर बसला होता. गाल आत गेलेले, केस बारीक कापलेले, पण तोच. तो समोर बघत होता.  केरबानं होती तेवढी मूठ पिळली. गाडी केकाटली. बस त्याच्यापुढून गेली, वळणावर वळली, दिसेनाशी झाली.

केरबा उभाच राहिला. गाडी बंद करायचं त्याला सुचलं नाही. आता घरी जाऊन अक्काला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं, आणि तेही नीट नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं त्यानं टोपी काढून तोंड पुसलं आणि टोपी परत घातली. मूठ मात्र पिळलेलीच राहिली.

"आबा, पिस्टन जाईल की त्याचा! किती रेस करता?"

मागं राजवीर उभा होता. पुढच्या थांब्यावर उतरून पळत आला असावा, छाती धपापत होती. हातात एक पिशवी. त्यानं पुढं होऊन चावी फिरवली. गाडी बंद झाली आणि सगळीकडं एकदम शांत झालं.

 राजवीर काजळीकडं वळला. जीभ टाळूला लावून पूर्वीसारखा आवाज काढला, "हो, काजळे! हो हो!" काजळीनं मान वळवली नाही. तिचं तोंड भिंतीकडं. तो जवळ गेला, पाठीवर हात ठेवला, तर तिनं माशी झटकावी तशी कातडी थरथरवली आणि दोन पावलं सरकली.

"वळखली न्हाय मला," राजवीर म्हणाला. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"म्हस हाय ती. तीन वर्षं झाली. विसरली," केरबा म्हणाला. "मी न्हाय विसरलो."

राजवीर मोडक्या शिंगाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आत ऐकू येत न्हवतं आबा कायबी. बसमधी ऐकला आवाज, आज पहिल्यांदा. आधी वाटलं दुसऱ्या कुणाची गाडी."

"ठावं हाय. गुंड्यानं सांगितलं. मक्याचं बी सांगितलं."

"मग आज तरी कशाला आणली गाडी?"

"तू आत हाईस म्हटल्यावर दुसरीकडं कुठं जाऊ?" केरबानं लेंग्याला हात पुसले. "हे बग, गेटावर आलो न्हाय मी. शब्द पाळलाय. बेळगावला जायाचं तर जा, मी आडवा येत न्हाय. पर घरला चल म्हणायला आलोय. तेवढं म्हणून झालं."

राजवीरनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आदर्शच्या दारावरनं जावं लागतंय आबा. कसं जाऊ त्या दारावरनं?"

"खाली उतरून," केरबा म्हणाला. "गाडी बंद करायची आन ढकलत न्यायची. मान खाली घालून. मी दर गुरुवारी जातो."

राजवीरनं बापाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. टोपी, पिकलेल्या मिशा, गियरच्या दांड्यावर आपटून आपटून काळा पडलेला पायाचा अंगठा. मग त्यानं पिशवी टाकीवर ठेवली, गाडीवर बसला आणि म्हणाला, "बसा मागं."

एका किकमध्ये गाडी चालू झाली. राजवीरनं पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि हाताला सवय होती तसा तिसरा टाकला. गाडीचा आवाज मोकळा झाला, लांब लांब जायला लागला. केरबानं मागं वळून बघितलं. काजळी जागची हलली नव्हती. कान टवकारून ती गोंधळल्यासारखी उभी होती.

"थांब, थांब," केरबानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्या आवाजानं येत न्हाय ती आता. दुसऱ्यात घे."

"घरापातुर दुसऱ्यात?"

"तिसरा पडत न्हाय मला."

राजवीरनं गाडी वळवून तिच्यापुढं नेली आणि गियर खाली आणला. गाडी गुरगुरायला लागली. काजळी भिंतीपासून वळली आणि मागं चालायला लागली. रंकाळ्यापर्यंत मागून येणाऱ्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला, पण राजवीरनं गियर बदलला नाही. आदर्शच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी बंद केली. बापलेक दोघंही खाली उतरले, आणि राजवीर गाडी ढकलायला लागला.